वीस वर्षं जुनी स्पोर्ट्स कार रोज चालवता येते का? शिंदखेडा ते धुळे, तीन वर्षांचा अनुभव आणि हिशोब



शिंदखेड्याच्या स्टँडजवळ मी गाडी लावली की कोणी ना कोणी येऊन विचारतंच, "भाऊ, हाई गाडी कोनती शे?" पुढचा प्रश्नही ठरलेला असतो, "ॲव्हरेज किती देते?" मी खरा आकडा सांगितला की समोरचा माणूस माझ्याकडे जरा कीव आल्यासारखा बघतो.

माझ्याकडे २००५ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे. मी २८ वर्षांचा आहे आणि धुळ्याला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जावं लागतं, बाकी काम घरून. चिमठाणे, सोनगीर करत धुळे गाठायचं, जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर. शिवाय बाजारहाट, लग्नं, दोंडाईच्याला आत्याकडे जाणं, सगळं याच गाडीतून.

नोव्हेंबर २०२५ मध्ये या गाडीला वीस वर्षं झाली आणि आरसी संपली. पुन्हा पाच वर्षांसाठी नूतनीकरण करायचं की गाडी विकून टाकायची, हे ठरवायची वेळ आली. तेव्हा मी तीन वर्षांचा सगळा हिशोब मांडला. तोच आज तुमच्यासमोर ठेवतोय. जुनी ऑक्टाव्हिया असो, जुनी होंडा सिटी व्हीटेक असो नाहीतर फियाट पालिओ, वेगासाठी बनलेली म्हातारी गाडी रोजच्या कामाला जुंपायची असेल तर यातलं बरंचसं तुम्हालाही लागू पडेल.

ही गाडी नेमकी काय आहे?

स्पोर्ट्स कार म्हटलं की दोन दारांची, जमिनीला टेकलेली गाडी डोळ्यासमोर येते. ही तशी नाही. चार दारं, मोठी डिकी, पाच माणसं आरामात बसतात. पण बॉनेटखाली १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आहे आणि त्याची ताकद १५० पीएस. त्या काळात आपल्याकडे टर्बो पेट्रोल गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. स्कोडाचा कारखाना औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्र्याला २००१ मध्ये सुरू झाला आणि तिथून बाहेर पडलेलं पहिलं मॉडेल ऑक्टाव्हियाच होतं. म्हणजे गाडी चेक कंपनीची असली तरी नातं मराठवाड्याशी!

इंजिनात चार सिलिंडर आणि प्रत्येकाला पाच व्हॉल्व, तीन हवा आत घेणारे, दोन धूर बाहेर सोडणारे. एकूण वीस. हा वीसचा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

टर्बो म्हणजे काय ते थोडक्यात. इंजिनातून बाहेर जाणारा गरम धूर एक छोटी पंखा-चक्री फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला अजून एक चक्री असते, ती बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. जास्त हवा म्हणजे जास्त ऑक्सिजन, मग जास्त पेट्रोल जाळता येतं आणि लहान इंजिन मोठ्यासारखं ओढतं. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. म्हणून दोन नियम. एक, ऑइल वेळेवर बदलायचं, त्यात काटकसर नाही. दोन, हायवेवरून पळवून आणल्यावर लगेच चावी फिरवायची नाही. मिनिटभर इंजिन नुसतं चालू ठेवायचं. नाहीतर गरम टर्बोत अडकलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो आणि तेलाचे बारीक रस्ते तुंबतात.

खानदेशच्या उन्हाळ्यात अजून एक गोष्ट जाणवते. मे महिन्यात पारा ४३-४४ ला गेला की गाडी मरगळल्यासारखी वाटते. यात बिघाड काही नसतो. गरम हवा विरळ असते, त्यात ऑक्सिजन कमी. शिवाय पेट्रोल वेळेआधी पेटून इंजिन खडखडायला लागलं तर नॉक सेन्सर ते ओळखतो आणि ईसीयू ठिणगीची वेळ मागे सरकवतो. इंजिन वाचतं, पण ताकद कमी होते. दुपारी दोनला असं वाटलं तर लगेच गॅरेज गाठू नका, पहाटे सहाला एकदा चालवून बघा.

किलोमीटर नाही, वर्षं मोजा

मी ही गाडी २०२२ च्या शेवटी घेतली तेव्हा मीटरवर ९६ हजार किलोमीटर होते. सतरा वर्षांत ९६ हजार! मी खूश. चुलत भावाला सांगितलं, "गाडी चाललेलीच नाही रे." धुळ्याचे माझे मेकॅनिक, आम्ही सगळे त्यांना जिभाऊ म्हणतो, त्यांनी बॉनेट उघडलं आणि पाच मिनिटं काही बोललेच नाहीत. मग एक रबरी पाइप दोन बोटांनी दाबून दाखवला. पापड मोडावा तसा आवाज आला. "भाऊ, उभी राहिलेली गाडी चाललेल्या गाडीपेक्षा लवकर म्हातारी होते," ते म्हणाले.

या एका वाक्याचा अर्थ नीट कळायला मला दीड वर्ष आणि एक वाईट रात्र लागली.

गाडीत दोन तऱ्हेचे भाग असतात. ब्रेक पॅड, क्लच, बेअरिंग यांसारखे भाग वापराने झिजतात, त्यांना किलोमीटर लागू. रबर, प्लास्टिक आणि गाडीतली तेलं मात्र नुसत्या वेळेने खराब होतात. इंजिनाची उष्णता, हवेतला ऑक्सिजन आणि ऊन यांमुळे रबर कडक होतं. प्लास्टिकचे जोड ठिसूळ होतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे ते कमी तापमानाला उकळायला लागतं. घाटात सारखा ब्रेक लागला की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल सरळ खाली जातं. म्हणून गाडी शंभर किलोमीटर चाललेली असो की लाख, ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं.

सॉफ्टवेअरवाल्यांना समजेल असं सांगतो. सर्व्हरवर लोड नाही म्हणून त्याचं सर्टिफिकेट संपायचं थांबत नाही. ते तारखेला संपतंच.

ती रात्र

एप्रिल २०२४. रात्री दीड वाजता अण्णांच्या छातीत दुखायला लागलं. घाम फुटला होता, डावा हात जड झाला होता. आईने मला उठवलं. मी गाडी काढली, अण्णांना मागे झोपवलं, आई त्यांच्याजवळ बसली आणि धुळ्याकडे निघालो.

चिमठाण्याच्या पुढे डॅशबोर्डवर लाल दिवा लुकलुकायला लागला, बीप वाजली. तापमानाचा काटा मात्र बरोबर मध्यावर. मला वाटलं सेन्सर येडा झाला असेल. पुढच्या मिनिटभरात बॉनेटमधून वाफ आली. गाडी बाजूला घेतली, बंद केली. मोबाइलच्या उजेडात बघितलं तर कूलंटचा एक रबरी पाइप लांबवर फाटला होता आणि सगळं पाणी रस्त्यावर.

१०८ ला फोन लावून पत्ता सांगतच होतो, तेवढ्यात मागून भाजीपाल्याची एक पिकअप आली. ड्रायव्हरने काहीही न विचारता अण्णांना पुढच्या सीटवर बसवलं, आई त्यांच्याजवळ दाटीवाटीने बसली, मी मागे वांग्यांच्या कॅरेटवर. तासाच्या आत दवाखान्यात पोहोचलो. पुढे अँजिओप्लास्टी झाली. अण्णा आज ठणठणीत आहेत आणि अजूनही ती गाडी दिसली की म्हणतात, "हत्ती पोसी राह्यना तू."

दोष गाडीचा नव्हता. एकोणीस वर्षांच्या रबराने जेवढं करायचं तेवढं केलं होतं. दोष माझा होता. जिभाऊंनी दिवाळीतच सांगितलं होतं की कूलंटचे सगळे पाइप एकदम बदलून टाकू, सात-आठ हजारांचं काम आहे. मी म्हणालो, मार्चनंतर बघू. आणि त्याच महिन्यात अकरा हजारांची नवी म्युझिक सिस्टिम बसवली.

त्या रात्रीतून कळलेल्या तीन तांत्रिक गोष्टी सांगतो, कारण त्या कुठल्याही गाडीला लागू आहेत.

१. तापमानाचा काटा पूर्ण खरं सांगत नाही. बऱ्याच गाड्यांमध्ये तापमान थोडं वरखाली झालं तरी काटा मुद्दाम मध्यावरच ठेवलेला असतो, चालकाने उगाच घाबरू नये म्हणून. काटा हलेपर्यंत बराच उशीर झालेला असू शकतो.

२. कूलंट संपलं की सेन्सर हवेत उघडा पडतो. तो पाण्याचं तापमान मोजण्यासाठी असतो, पाणीच नसेल तर चुकीचं, बऱ्याचदा कमी तापमान दाखवतो. म्हणून कूलंटच्या पातळीचा लाल दिवा लागला की काट्याकडे बघायचंच नाही, थांबायचं.

३. गरम इंजिनाचं कूलंटचं झाकण कधीही उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून १०० अंशांच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं. झाकण उघडलं की दाब जातो आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं.

अजून एक, खास आपल्या भागासाठी. कूलंट कमी झालं म्हणून बोअरचं पाणी ओतू नका. आपलं पाणी जड आहे. हंड्याला जसे पांढरे क्षार धरतात तसेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही धरतात. डिस्टिल्ड पाणी आणि गाडीच्या पुस्तकात सांगितलेलंच कूलंट वापरा. वेगवेगळ्या रंगांची कूलंट एकत्र करू नका.

वयाने बदलायचे भाग

त्यानंतर मी एक वही केली. कुठला भाग कधी बदलला आणि पुढे कधी बदलायचा, किलोमीटर आणि तारीख दोन्ही लिहायचं, आधी येईल ते पाळायचं. त्यातल्या महत्त्वाच्या गोष्टी:

टायमिंग बेल्ट. हा रबरी दातेरी पट्टा इंजिनातल्या पिस्टन आणि व्हॉल्वची लय सांभाळतो. या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व आळीपाळीने एकाच जागेत येतात. पट्टा तुटला तर ते एकमेकांवर आदळतात. आठवा, व्हॉल्व वीस आहेत. म्हणजे इंजिनाचा खर्च गाडीच्या किमतीइतका. या इंजिनात पाण्याचा पंपही हाच पट्टा फिरवतो, त्यामुळे पट्टा, टेन्शनर आणि पंप एकदमच बदलायचे. मी पाच वर्षांची मुदत धरतो. जुनी गाडी घेताना "बदललाय" एवढ्यावर विश्वास ठेवू नका, बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असं समजून पैसे बाजूला ठेवा.

टायर. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेताना लोक आधी त्याचे दात बघतात, कारण वय तिथे कळतं. टायरचे दात म्हणजे त्याच्या बाजूवर लंबगोलात छापलेले शेवटचे चार आकडे. ३२१६ असेल तर २०१६ सालचा ३२ वा आठवडा. माझ्या गाडीच्या टायरांची नक्षी नव्यासारखी होती, पण आकडे सांगत होते की ते नऊ वर्षांचे आहेत. वरून छान, आतून कडक झालेले. पहिल्या पावसात सोनगीरजवळ ब्रेक लावला आणि गाडी घसरत गेली तेव्हा हे बघायचं सुचलं. टायर बनवणाऱ्या अनेक कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही चांगली असली तरी बदला. आपल्या उन्हात आणि हायवेच्या वेगात मी सहा वर्षांवर थांबतो. नवा टायर घेतानाही आकडे वाचा, दुकानात पडून राहिलेला माल गळ्यात पडू शकतो.

व्हॅक्यूमचे बारीक पाइप. इंजिनावर पेन्सिलइतके अनेक रबरी पाइप असतात. एकाला चीर पडली तरी न मोजलेली हवा आत शिरते आणि गाडी सिग्नलला थरथरते. हे पाइप स्वस्त असतात, पण चीर शोधायला डोकं लागतं.

इथेनॉलचं काय?

हा सध्याचा सगळ्यात गरम प्रश्न. ६ फेब्रुवारी २०२३ ला ई२० पेट्रोल, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, देशात सुरू झालं आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं. २००५ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. मग काय होतं?

चांगली बाजू आधी. इथेनॉलचा ऑक्टेन साध्या पेट्रोलपेक्षा बराच जास्त असतो. ऑक्टेन म्हणजे वेळेआधी न पेटण्याची ताकद. टर्बो इंजिनाला तेच हवं असतं.

आता वाईट बाजू. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. २०२१ च्या नीती आयोगाच्या आराखड्यातच लिहिलं होतं की शुद्ध पेट्रोलसाठी बनवून १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज ई२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटू शकतं. माझी गाडी आधी हायवेला १२ च्या आसपास द्यायची, आता ११.

दुसरी गोष्ट रबराची. जुन्या पद्धतीचं रबर इथेनॉलमुळे फुगतं, मऊ होतं किंवा चिरतं. गाडीत पेट्रोलचा वास आला तर ती तक्रार नाही, धोका आहे. गरम टर्बोजवळ पेट्रोल ठिबकणं म्हणजे आगीला आमंत्रण. मी टाकी ते इंजिन सगळे रबरी पाइप बदलून घेतले आणि पाइपवर एसएई जे३० आर९ छापलेलं आहे ना हे बघितलं. हा पाइप इंजेक्शनच्या दाबाला आणि इथेनॉलला चालतो.

तिसरी गोष्ट पाण्याची. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. गाडी महिनोनमहिने उभी राहिली की टाकीत पाणी आणि इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाला बसू शकतो. इथे रोज चालणारी गाडी फायद्यात राहते, कारण तिच्या टाकीत पेट्रोल सतत ताजं असतं. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायचीच असेल तर टाकी अर्धी ठेवू नका. मोकळी जागा कमी, तेवढी आत ओलसर हवा कमी.

गंमत अशी की यातलं बरंचसं इथेनॉल ऊस आणि मक्यापासून येतं. आमच्याही शेतात मका असतो. अण्णा म्हणतात, मका आपण पिकवायचा आणि गाडी तुझी बिघडायची!

सहाशे रुपयांचा डॉक्टर

आता आपल्या आवडीचा विषय. स्टिअरिंगखाली एक सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. त्यात ईएलएम३२७ प्रकारचं छोटं ब्लूटूथ यंत्र लावलं आणि मोबाइलवर ॲप टाकलं की गाडीचा ईसीयू काय बघतोय ते तुम्हालाही दिसतं. मी सहाशे रुपयांना घेतलं.

त्याचा उपयोग दोन प्रकारे होतो. पहिला, चेक इंजिनचा दिवा लागला की कोड वाचता येतो. पी०३०० म्हणजे अनेक सिलिंडरमध्ये ठिणगी चुकते आहे, पी०१७१ म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. पण लक्षात ठेवा, कोड लक्षण सांगतो, कारण नाही. ताप आला हे थर्मामीटर सांगतो, मलेरिया की टायफॉइड हे नाही. कोड बघून लगेच महागडा सेन्सर मागवू नका.

दुसरा उपयोग जास्त मोलाचा, चालू आकडे बघणं. मी तीन आकडे बघतो. कूलंटचं तापमान: साधारण ९० च्या आसपास हवं, १०५ च्या वर गेलं की मी थांबतो. आता मी काट्यावर नाही, या आकड्यावर विश्वास ठेवतो. बॅटरीचं व्होल्टेज: इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५ च्या दरम्यान. आणि फ्युएल ट्रिम: ईसीयूला ठरलेल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडावं लागतंय.

गेल्या वर्षी गाडी उभी असताना थरथरत होती. ट्रिम बघितली तर उभ्या गाडीत अधिक १४ टक्के, पण हायवेला जवळपास शून्य. याचा अर्थ कुठूनतरी थोडी चोरटी हवा शिरतेय. वेगात इंजिन भरपूर हवा घेतं म्हणून ती थोडी हवा जाणवत नाही, उभं असताना जाणवते. जिभाऊंना आकडे दाखवले. दहा मिनिटांत चिरलेला पाइप सापडला, खर्च दोनशे रुपये. आता ते स्वतः म्हणतात, "भाऊ, तुनं मशीन लई ये."

स्पेअर पार्ट कुठून मिळतात?

धुळ्यात तेल, फिल्टर, बॅटरी मिळते. बाकी नाशिक, पुणे नाहीतर ऑनलाइन. इथे एक युक्ती. ही गाडी आणि फोक्सवॅगन गोल्फची चौथी पिढी, पहिली ऑडी टीटी या एकाच पायावर उभ्या आहेत. एकच लायब्ररी चार ॲपमध्ये वापरावी तसं. त्यामुळे गाडीच्या नावाने शोधू नका, जुन्या पार्टवर छापलेला क्रमांक शोधा. ०६ए ने सुरू होणारा क्रमांक या इंजिनाच्या कुळातला, १जे० म्हणजे मुळात त्या गोल्फसाठी बनलेला. नावाने न सापडलेला पार्ट क्रमांकाने सापडल्याचं मी कितीतरी वेळा अनुभवलंय.

आणि पार्ट मोडायच्या आधी मागवा. माझ्या डिकीत कायम एक इग्निशन कॉइल, एक पाण्याचा पाइप, क्लिपा, फ्यूज आणि पाच लिटर डिस्टिल्ड पाणी असतं.

कागदपत्रं: पंधरा वर्षांनी गाडी बंद होते का?

नाही! हा गैरसमज आपल्याकडे फार आहे. पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी हा दिल्ली परिसराचा विषय आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी तपासून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येतं. त्यासोबत पर्यावरण कर, पीयूसी, विमा आणि एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना नवी एचएसआरपी नंबर प्लेट लागते.

फी मात्र वाढली आहे. १५ वर्षांवरच्या कारसाठी एप्रिल २०२२ पासून ५ हजार रुपये होती. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांवरच्या कारसाठी ती १० हजार केली, जीएसटी वेगळा. माझी गाडी नेमकी त्या रेषेपलीकडे गेलेली.

विम्याचं म्हणाल तर एवढ्या जुन्या गाडीला पूर्ण विमा मिळणं कठीण, मिळाला तरी किंमत नाममात्र धरतात. थर्ड पार्टी सक्तीचा आहेच. १५०० सीसीवरच्या खासगी कारसाठी २०२२ च्या दरपत्रकात तो वर्षाला ७,८९७ रुपये अधिक जीएसटी आहे. म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा ठोकली तर नुकसान आपलं, हे धरून चाला.

महिन्याचा हिशोब

महिन्याला साधारण १,३०० किलोमीटर, पेट्रोल १०५ रुपये धरून:

माझी गाडी
- पेट्रोल, ११ च्या ॲव्हरेजने: १२,४०० रुपये
- दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेले: ५,००० रुपये
- विमा: ७८० रुपये
- आरसीची फी, पाच वर्षांत विभागून: १७० रुपये
- एकूण: सुमारे १८,३५० रुपये

नवी छोटी कार
- सहा लाखांचं कर्ज, ९ टक्के, पाच वर्षं: १२,४५० रुपये हप्ता
- पेट्रोल, १८ च्या ॲव्हरेजने: ७,६०० रुपये
- विमा आणि सर्व्हिस: २,००० रुपये
- एकूण: सुमारे २२,००० रुपये

म्हणजे महिन्याला साडेतीन हजारांचा फरक. पण पाच वर्षांनी हप्ते संपतात आणि त्या माणसाकडे चांगली कार उरते. माझ्याकडे पंचवीस वर्षांची गाडी उरेल. त्यामुळे "जुनी गाडी स्वस्त पडते" असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नका. घेताना स्वस्त पडते, चालवताना नाही. आणि ते ५,००० रुपये खर्च झाले नाहीत तरी बाजूला ठेवायचेच. ज्यांनी ते ठेवले नाहीत त्यांच्याच गाड्या स्वस्तात विकायला येतात. माझीही तशीच आली होती.

मग घ्यावी की नाही?

घेऊ शकता, जर: घरात किंवा शेजारी दुसरी भरवशाची गाडी आहे, पन्नास किलोमीटरच्या आत ही गाडी कळणारा मेकॅनिक आहे, आणि पहिल्या सहा महिन्यांत गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका खर्च करायची तयारी आहे.

घेऊ नका, जर घरात ती एकमेव गाडी असणार आहे. इंजिनाची ताकद, एक्झॉस्टचा आवाज, वळणावर चिकटून राहणारी चाकं, हे सगळं खरं आहे. संध्याकाळी सोनगीरच्या पुढे रस्ता मोकळा मिळतो, टर्बो भरतो आणि दिवसभराचा शीण उतरतो, तेही खरं आहे. पण रात्री दीड वाजता यातलं काहीच कामाला येत नाही. तेव्हा फक्त गाडी पोहोचली पाहिजे.

आमच्या घराचा आता नियम ठरलाय. दवाखान्याचं काम असेल तर १०८, नाहीतर चुलत भावाची वॅगनआर. तिची एक चावी आमच्या दाराच्या खिळ्याला कायम टांगलेली असते. हा नियम केल्यापासून मी माझी गाडी जास्त मोकळ्या मनाने चालवतो, कारण तिच्याकडून जे मागायला नको ते आता मी मागत नाही.

आरसीचं काय केलं? दहा हजार भरले. त्याआधी मात्र इंजिनावरचा वयाने बदलायचा एकूण एक पाइप बदलून झाला होता. तपासणीला धुळ्याला निघालो तर अण्णा म्हणाले, मी पण येतो. चिमठाण्याच्या पुढे त्या जागी आल्यावर त्यांनी बाहेर बघितलं आणि विचारलं, "पाइप बदला ना रे भो?" मी मोबाइल पुढे केला. स्क्रीनवर आकडा होता, ९१.